घरात भाजीला काही नसताना: पीठ पेरून अर्ध्या तासात जेवण

फ्रिजमध्ये अर्धा कोबी, टोपलीत तीन कांदे आणि डब्यात बेसन. एवढ्यावर चार माणसांचं जेवण होतं, आणि चांगलं होतं. तरी 'घरात काही नाही' म्हणत लोक बाहेरून मागवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या घरांत मी हे वाक्य ऐकलंय, त्यातल्या एकाही घरात बेसनाचा डबा रिकामा नव्हता.

झटपट म्हणून ज्या कृती सांगतात, त्यांच्यावर माझा राग आहे. त्यांची सुरुवातच बाजारातून होते. पनीर, मश्रूम आणि ताजं क्रीम हाताशी असेल तर माणूस 'आता काय करू' म्हणत ओट्यापाशी उभा राहीलच कशाला? त्याहून जास्त राग 'पाच मिनिटांत, चमचाभर तेलात पीठ पेरून भाजी' असं सांगणाऱ्यांचा येतो. चमचाभर तेलात ती होत नाही. पाच मिनिटांत पीठ शिजत नाही. ज्याने कुणी असं करून पाहिलं, त्याने पुन्हा त्या भाजीचं नाव काढलं नाही, आणि एक अतिशय उपयोगी भाजी त्या घरातून गेली.

मी ही भाजी आठवड्यातून एकदा तरी करते. ऐन वेळच्या स्वयंपाकासाठी तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही, कारण ती भाजीचं नाव विचारत नाही. कोबी, मुळा, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, मेथी, ढोबळी मिरची, फ्लॉवरचे कोवळे दांडे, यातलं जे असेल ते चालतं. दोन भाज्या थोड्या थोड्या उरल्या असतील तर एकत्रही चालतात. शिवाय १०० ग्रॅम बेसनात साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे सोबत वरण नसलं तरी जेवण अपुरं होत नाही.

आधी काय संपवायचं ते ठरवा

काय खावंसं वाटतंय याचा विचार आधी करू नका. आज वापरलं नाही तर उद्या टाकावं लागेल असं काय आहे ते बघा. टोकं पिवळी पडलेली पात, सुकत चाललेली मेथी, सुरकुतलेली ढोबळी मिरची. तेच आज करायचं.

भात लावायचा असेल तर चिरायला घेण्याआधी कुकर चढवा. भाकरी किंवा पोळी करायची असेल तर भाजी झाकून ठेवाल तेव्हा ती करायला वेळ मिळतोच.

बेसन

चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. कडवट किंवा खवट लागलं तर ते वापरू नका, कुठलीही फोडणी ती चव झाकत नाही. चक्कीवरून जरा रवाळ दळून आणलेलं डाळीचं पीठ या भाजीला सगळ्यात चांगलं. पाकिटातलं बेसन फार बारीक असतं, त्यामुळे त्याचा चिकट लगदा लवकर होतो. पाकिटातलंच असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजून घ्या. मी रविवारी दोन वाट्या भाजून बरणीत भरून ठेवते. ऐन वेळी तेवढंच काम वाचतं.

प्रमाण: चिरलेल्या चार वाट्या भाजीला पाऊण वाटी बेसन. मेथीसारखी पालेभाजी बसून अगदी थोडी होते, तिला अर्धी वाटी पुरे. तिखट आणि मीठ बेसनातच कालवून घ्या. भाजीत वेगळं मीठ घालाल तर ते अगदी थोडं. पालेभाजीचा कच्चा ढीग बघून मीठ घालणाऱ्याची भाजी नेहमी खारट होते.

फोडणी

जाड बुडाची कढई, शक्यतो लोखंडी. चार मोठे चमचे तेल. हो, चार. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, आच कमी करून हळद, आणि लगेच कांदा किंवा भाजी.

भाजी

परतून, झाकण घालून पाऊण शिजवा. टोमॅटो घालू नका. त्याने सगळं गिचगिचीत होतं आणि लोखंडी कढईत काळपटही पडतं. आंबट हवं असेल तर पानात लिंबू पिळा.

पीठ पेरणं

मी अडले होते ती इथे, आणि बरीच वर्षं अडले होते. भाजी दिसायला सुंदर व्हायची, पण घास तोंडात टाकला की पीठ टाळूला चिकटायचं आणि तोठरा बसायचा. पाण्याचा घोट घेतल्याशिवाय दुसरा घास जात नसे. मी कधी गॅसला दोष दिला, कधी बेसन बदललं, कधी पीठ कमी केलं. पीठ कमी केल्यावर तोठरा कमी बसायचा, पण भाजीला अंगच राहत नसे. आणि प्रत्येक वेळी एकच इलाज करायचे: आणखी परतायचं. कच्चं राहिलंय ना, मग परता.

एका मे महिन्यात आत्या राहायला आली होती. मी पीठ घालून खराखरा परतत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, परततेस काय? पिठाला तहान लागलीय. वाफ पिऊ दे त्याला आधी." उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं, झाकण घातलं आणि झाकणावर पाणी ओतलं. चार मिनिटं तिने मला कढईला हात लावू दिला नाही. त्या दिवशीची भाजी मऊ, मोकळी झाली आणि घशाशी कुठेही अडली नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. कोरडं पीठ परतत राहिलं की ते भाजलं जातं, शिजत नाही. शिजायचं तर पिठाच्या कणांनी पाणी पिऊन फुगायला हवं, म्हणजे ओल आणि उष्णता एकाच वेळी मिळायला हवी. तेलाने पीठ मोकळं राहतं, खमंग होतं, पण तेल पाण्याची जागा घेत नाही. आणि जे पीठ कढईत पाणी पीत नाही, ते तुमच्या तोंडातली ओल शोषून घेतं. तोठरा बसतो तो त्यामुळे.

म्हणून पीठ घालण्याआधी भाजीत किती पाणी आहे ते बघायचं. मला उपयोगी पडलेली खूण अशी: कढई जराशी तिरकी करा. भाजीच्या कडेला एक-दोन चमचे पाणी जमलं तर वेळ बरोबर आहे. मुळा, कोबी, मेथी आणि पात स्वतःचं पाणी सोडतात, त्यामुळे त्यांना बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. मुळ्याने फारच सोडलं तर झाकण काढून थोडं आटू द्या. ढोबळी मिरची आणि फ्लॉवर कोरड्या राहतात, त्यांच्यावर आधीच पाव वाटी गरम पाणी शिंपडा.

आता आच अगदी बारीक करा. भाजी कढईभर सारखी पसरा. बेसन मुठीत घ्या, हात वीतभर वर धरा आणि बोटं चोळत रांगोळीसारखं पेरा, पण आधी अर्धंच. वाटी उपडी करू नका, चमच्यानेही टाकू नका, जिथे ढीग पडतो तिथेच गोळा होतो. पीठ भाजीवर पिवळ्या चादरीसारखं दिसलं पाहिजे.

आणि आता हात लावायचा नाही. इथे धीर सुटतो, माझा अजूनही सुटतो. वर कोरडं पीठ दिसतं आणि हात आपोआप उलथन्याकडे जातो. तसंच झाकण घाला. झाकण खोलगट हवं, त्यात वाटीभर पाणी ओता. गार पाण्यामुळे आतली वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि परत पिठावरच पडते. चार मिनिटं थांबा.

झाकण उघडल्यावर पिठाचा रंग बघा. फिकट, पांढुरकं पीठ जिथे ओलं झालं तिथे ते गडद पिवळं दिसतं. अजून पांढरी भुकटी दिसत असेल तर झाकणातलं गरम झालेलं पाणी घेऊन त्या जागी हबका मारा. हबका म्हणजे ओंजळीतून शिंपडलेलं पाणी. भांड्याने ओतलेलं पाणी एकाच जागी चिखल करतं. मग उलथनं खालून घालून भाजी वर आणा, घोटू नका. उरलेलं अर्धं पीठ तसंच पेरा, पुन्हा झाकण, पुन्हा चार मिनिटं.

शिजलं की नाही ते जिभेआधी बोटांनी कळतं. चिमूटभर पीठ बोटांत चोळा. बोटांना पिठूळ किंवा चिकट लागलं तर कच्चं आहे. ओलसर रव्यासारखं मोकळं झालं तर झालं.

शेवटी चमचाभर तेल कडेने सोडा, झाकण काढून दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा. तळाला खरपुडी धरते. ती खरवडून ज्याच्या पानात पडेल तो नशीबवान. आमच्याकडे तिच्या वाटणीवरून भांडणं होतात. लोखंडी कढई असेल तर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

बिघडलीच तर

कोरडी झाली असेल तर हबका आणि पाच मिनिटं वाफ, बहुतेक वेळा तेवढ्यावर सावरते. फार ओली झाली तर झाकण काढून मोठ्या आचेवर परता. इथे मात्र परतणं बरोबर आहे, कारण पीठ शिजून झालेलं असतं. गोळेच गोळे झाले तर दोन वाट्या उकळतं पाणी घाला, रवीने किंवा डावाच्या पाठीने मोडा आणि रटरट शिजू द्या. भाजी घातलेलं पिठलं होईल, भातावर छान लागतं. पीठ आधीच पाण्यात कालवून भाजीत घाला असं जे सांगतात, ते खरं तर या पिठल्याचीच कृती सांगत असतात. पिठलं चांगलंच असतं, पण ती ही भाजी नव्हे.

बेसनही नसेल तर

चिवड्यात घालायचं डाळं मिक्सरवर फिरवा. ते आधीच भाजलेलं असल्यामुळे कच्चं राहायची भीती कमी, पाणीही थोडं कमी लागतं. थालीपिठाची भाजणीही चालते, फक्त तिच्यात धणे-जिरे असतात हे लक्षात ठेवून मसाला कमी घाला. दाण्याचा कूट पेरायचा नसतो, तो अगदी शेवटी घालून दोन मिनिटं वाफ आणायची.

भाजीसुद्धा नसेल तर

चार मोठे कांदे उभे चिरून हीच कृती करा. आमच्याकडे त्याला झुणका म्हणतात. १९९५ साली राज्यात सरकारी योजनेतून एक रुपयात जी झुणका-भाकर मिळू लागली होती, ती याच पदार्थाच्या जोरावर. पीठ, कांदा, तेल आणि तिखट यावर पोट भरतं.

कालचं वरण उरलं असेल तर ते पातळ करून गूळ आणि चिंच-गोडा मसाला घाला, उकळी आली की लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडा. चकोल्या झाल्या. वरण ताजं शिजवत असाल तर चिंच किंवा आमसूल डाळ मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला फार वेळ लावते.

ताक आंबट झालं असेल तर कढी. दोन वाट्या ताकाला चमचाभर बेसन थंड ताकातच घुसळून घ्या, नाहीतर गरम झाल्यावर ते फुटतं. उकळी येईपर्यंत हलवत राहा.

उरलेल्या भाताला फोडणी द्या, पण तो फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात परतला म्हणून सुरक्षित होत नाही.

सोबत

ज्वारीची भाकरी. पीठ जुनं असेल आणि भाकरी थापताना फाटत असेल तर उकळतं पाणी घालून मळा. तोंडी लावायला बुक्की मारून फोडलेला कांदा, हिरव्या मिरचीचा खर्डा किंवा दाण्याची चटणी. ताक असेल तर उत्तम, कारण या भाजीला काहीतरी पातळ लागतंच.

भाजी उरली तर ती सकाळी कणकेत घालून, थोडं तिखट-मीठ वाढवून मळा. पाणी अगदी बेताने घाला, भाजीतली ओल कणीक सैल करते. जाडसर लाटून, दोन्हीकडून तेल सोडून भाजलेल्या या पोळ्या डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात.