उत्क्रांतीच्या चॅप्टरमधी मार्क कुठं जातात? या चुका टाळा

औषध मारून मारून अळी मरेना झाली की निपाणीकडचा शेतकरी म्हणतो, "अळीला औषधाची सवय झाली बघ." कट्ट्यावर बोलायला ठीक आहे, पण पीयू सेकंड इयरचं (म्हणजे बारावीचं) पोरगं पेपरात तेच लिहून येतंय आणि मार्क घालवतंय. मी ट्यूशनला दरवर्षी बघतोय, खानापूर-बेळगावकडची आपली पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढं सगळं इंग्लिश, मग व्याख्या पाठ होते पण डोक्यात वाक्य घरचंच राहतं.

सवय कुणालाच होत नाही हो. औषध मारायच्या आधीपासूनच त्या वावरात थोड्या अळ्या अशा असतात की ज्यांना ते औषध बाधत नाही, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, पुढची पिल्लं ह्यांचीच, असं करत काही हंगामात सगळं वावर ह्यांचंच. एकेक अळी बदलली नाही, पॉप्युलेशन बदललं. "सवय झाली", "गरज पडली म्हणून आलं" असं लिहिलं की तुम्ही डार्विनच्या प्रश्नाला लामार्कचं उत्तर दिलं (वापरानं अवयव बदलतो आणि तो बदल पिल्लांत उतरतो म्हणणारा), जिराफाची मान ताणून लांब झाली तसलं.

इंग्लंडच्या पतंगाचं पण तेच. 1850 च्या आसपास पांढरे जास्त, 1920 पर्यंत कारखान्याच्या भागात काळे जास्त, आणि पोरं लिहितात धुरानं पतंग काळे पडले! धुरानं चुलीमागची भिंत काळी पडते. काळे पतंग आधीपण होते, फक्त कमी. मसाल्यात दगडफूल घालतो का नाही, तसली लायकेन खोडावरनं गेली, खोड काळं झालं, मग पांढरे पक्ष्यांना लगेच दिसायला लागले.

"फिट" म्हणजे तालमीतला पैलवान नव्हे. कितीपण ताकद असू दे, पिल्लं झाली नाहीत तर उत्क्रांतीच्या हिशोबात फिटनेस शून्य.

आता सगळ्यात जास्त घोळ, होमोलॉगस आणि अॅनालॉगस. आपल्याकडं रताळी ढीगभर पिकतात म्हणून मी तिथनंच सुरू करतो. रताळं आणि बटाटा, काय? "सर, दोन्ही उपासाला चालतंय म्हणजे सेमच की!" काम सेम, साठवण करणं, पण रताळं मूळ आहे आणि बटाटा खोड (बटाट्याला डोळे असतात, तिथनं कोंब फुटतो, मुळाला कुठले डोळे). म्हणजे अॅनालॉगस, कन्व्हर्जंट उत्क्रांती (मूळ रचना वेगळ्या, पण एकाच कामाकडं आल्या). बोगनवेलीचा काटा आणि भोपळ्याच्या वेलाचा ताणा ह्याच्या उलट, काम वेगळं पण मूळ रचना एक, म्हणून होमोलॉगस, डायव्हर्जंट (एकच रचना वेगवेगळ्या कामाकडं गेली). वटवाघूळ आणि पक्षी आला की प्रश्न दोनदा वाचा, पुढचे पाय म्हणून विचारलं तर होमोलॉगस, उडायचे पंख म्हणून विचारलं तर अॅनालॉगस, कारण पंख दोघांना वेगवेगळे आले. हे एकदा नीट बसलं की एमसीक्यूत फसत नाही.

"माणूस माकडापासून झाला" लिहू नका. चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एक होता, एवढंच. खानापूरच्या जंगलातलं वानर काय आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलत भाऊ म्हणा.

हार्डी-वाइनबर्गचं गणित, म्हणजे पॉप्युलेशनमधी एका जीनच्या दोन रूपांचा वाटा काढायचं (डॉमिनंटचा पी, रिसेसिव्हचा क्यू, दोन्ही मिळून एक), सोपं आहे तरी चुकतं, आणि चुकतं एकाच जागी. 100 जणांत 16 जणांना रिसेसिव्ह लक्षण (दोन्ही जीन तसलेच असले तरच दिसणारं) दिसतंय म्हटलं की पोरं क्यू 0.16 धरतात. दिसतंय ते क्यू स्क्वेअर! त्याचं वर्गमूळ 0.4 हा क्यू, मग पी 0.6, आणि कॅरियर (तसला एकच जीन असलेले, लक्षण न दिसणारे) दोन पी क्यू म्हणजे 0.48, शंभरात 48. तिन्हीची बेरीज, 0.36 अधिक 0.48 अधिक 0.16, एक येते, पण क्यू चुकीचा धरला तरी ती एकच येते, म्हणून शेवटी क्यूचा वर्ग करून बघा, प्रश्नातलं 0.16 परत आलं तर पुढच्या प्रश्नाला जा, नाही आलं तर वर्गमूळ काढायचं विसरलाय.