ऑनलाइन विक्रीत मॅनेजर व्हायचंय? आधी एका पार्सलचा हिशोब शिका

ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांत मॅनेजर म्हणजे एकच काम नव्हे. काय विकायचं, कितीला आणि कोणाकडून घ्यायचं हे कॅटेगरी मॅनेजर ठरवतो. गोदाम आणि पार्सलं ऑपरेशन्स मॅनेजरकडे, तर विक्रेते अकाउंट मॅनेजरकडे. कोकणातल्या मुलामुलींना भिवंडीची गोदामं जवळची वाटतात आणि तिथे भरतीही बरीच असते. पण रात्रपाळ्या कराव्या लागतात आणि तिथून कॅटेगरीत जाणं सोपं नसतं. मालाची आणि भावाची जाण असेल, तर सुरुवातीपासून कॅटेगरीचीच वाट धरलेली बरी.

मोठ्या कंपनीत थेट वरच्या पायरीवर जायला एमबीए उपयोगी पडतं (राज्याच्या सीईटीसाठी पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५). बाकीच्यांनी कॅटलॉग किंवा कॅटेगरी एक्झिक्युटिव्हपासून सुरुवात करावी. एक्सेलमधलं पिव्होट टेबल आणि लुकअप हात न अडखळता यायला हवं. जमलं तर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषाही शिका.

नोकरीआधीचा सराव गावातच करता येतो. काजू, आमसूल किंवा आंबापोळी विकणारा एखादा बचतगट नाहीतर छोटा कारखाना गाठा आणि त्यांचं मार्केटप्लेसवरचं (अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटवरचं) खातं सहा महिने सांभाळा. जीएसटी नंबर आणि अन्नसुरक्षेचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर आधी तपासून घ्या. पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता यातलं काही राहिलं, तर लिस्टिंग (साइटवरचं मालाचं पान) अडकलंच म्हणून समजा.

मग कुरिअरचं गणित. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कुरिअर ५००० ने भागतात. हे आकारमानी वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं, तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी. अर्धा किलो काजू ३०×२०×१५ च्या खोक्यात घातले की ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो, भाडं दोन किलोच्या टप्प्याचं. खोका २०×१२×१० चा घेतला तर आकारमानी वजन ०.४८ किलोवर येतं. पण खोक्यासकट प्रत्यक्ष वजन ५६० ग्रॅम भरतं आणि पार्सल पुन्हा अर्ध्या किलोच्या टप्प्याबाहेर! उपाय साधा: पाकीट ४०० ग्रॅमचं करा. असे निर्णय घेता येणं म्हणजेच कॅटेगरी सांभाळणं.

आता पैसे मांडा, जीएसटी वगळून. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या खात्यातले घाला. ४०० ग्रॅम काजू विक्री ५२० रुपये, खरेदी ३६०, मार्केटप्लेसचं शुल्क ६०, कुरिअर ५०, पॅकिंग २०, जाहिरात २०. ऑर्डरमागे १० रुपये सुटतात असं वाटतं. पण १०० पैकी ८ पार्सलं कॅश ऑन डिलिव्हरीवर नाकारली गेली, तर त्या आठांचं जायचं-यायचं भाडं आणि पॅकिंग धरून ९६० रुपये गेले, तेही माल धड परत आला तर. उरलेल्या ९२ वर जाहिरात सोडून ३० प्रमाणे २,७६० मिळाले. त्यातून ९६० आणि सगळ्या शंभर ऑर्डरींची जाहिरात २,००० वजा केली की २०० रुपये तोटा. नवखे इथेच फसतात: विक्रीचा आलेख वर जातो आणि खातं आतबट्ट्यात. यावर जाहिरात वाढवणं हा उपाय नव्हे. जिथून माल सारखा परत येतो त्या पिनकोडांना कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा आणि दोन पाकिटांचा जोड काढा. मार्केटप्लेस कापून घेतं ती टीसीएसची (जीएसटीपोटी) ०.५ टक्के आणि टीडीएसची (आयकरापोटी) ०.१ टक्के कपात (२०२४ पासूनचे दर) वेगळ्या रकान्यात ठेवा. तो खर्च नव्हे, नंतर वळता होतो. पण हातातला पैसा तेवढा कमी येतो.

हापूसला हात घालाल तर जपून. साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, तो गिऱ्हाईक फळ कापतं तेव्हा कळतो, म्हणून भरपाईची तरतूद आधीच भावात धरा. काढलेला आंबा उन्हात तापलेल्या जमिनीवर पडून राहिला तर साक्याचा धोका वाढतो, हे बागायतदाराशी बोलून ठेवा. फळ किती दिवसांत पिकेल हे लिस्टिंगवर लिहिलं नाही, तर ‘कच्चे आंबे पाठवले’ म्हणून एक तारा पडणारच.

पावसाळ्यात घाट बंद पडले की पार्सलं रखडतात. जूनपूर्वी टिकाऊ माल भिवंडीच्या गोदामात पोचवा आणि घरून जाणाऱ्या ऑर्डरींचे पोचवण्याचे दिवस वाढवा. दमट हवेत तीन पदरी खोका मऊ पडतो, पाच पदरी घ्या. काजू मात्र हवाबंद पाकिटातच हवेत, नुसत्या खोक्याने भागत नाही.

मुलाखतीला सहा महिन्यांचं शीट न्या, विक्रेत्याचं नाव झाकून. ऑर्डरी, परत आलेला माल, जाहिरातखर्च आणि हाती उरलेली रक्कम, एवढे रकाने पुरे. ‘विक्री किती वाढवली?’ असं विचारलं तर आकडा सांगा आणि त्यासाठी किती खर्च आला तेही न विचारता सांगा.