वाटसरू पक्षी दिसला? नोंद अशी करा, अशी कळवा

सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रात उतरणारे पक्षी दोन तऱ्हेचे. काही हिवाळाभर मुक्काम ठोकतात, तर काही इथे फक्त टेकतात आणि पुढे आफ्रिकेकडे निघतात. युरोपियन नीलपंख, स्पॉटेड फ्लायकॅचर, अमूर ससाणा हे दुसऱ्या गटातले, म्हणजे वाटसरू. आज सासवडच्या माळावर दिसलेला परवा तिथे असेलच असं नाही. म्हणून नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, आणि तो पक्षी न पाहिलेल्या माणसालाही ती तपासता यायला हवी.

निघण्याआधी. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. तारीख चुकलेला फोटो असला की चांगली नोंदसुद्धा वादात सापडते. ई-बर्ड म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची ऑनलाइन सोय; तिच्या अॅपमध्ये आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या यादीचा पॅक घरीच उतरवून ठेवा, कारण माळावर रेंज मिळेलच असं नाही. छोटी वही आणि पेन्सिल खिशात असू द्या.

पक्षी दिसल्यावर. आधी एक फोटो काढा, कसाही. मग दुर्बीण लावा. पक्षी तारेवर असेल आणि तुम्ही गाडीत असाल तर उतरू नका; गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, माणूस खाली उतरला की उडतात. मोबाइलवरून त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. लांबच्या प्रवासातल्या पक्ष्याचं खाणं आणि विसावा त्याने मोडतो.

ओळख. सगळ्यात जास्त गोंधळ नीलपंखांचा होतो. आपला नेहमीचा भारतीय नीलपंख गळ्या-छातीवर तपकिरी-जांभळट असतो आणि त्यावर फिकट रेघा असतात. युरोपियन नीलपंखाचं डोकं, गळा आणि पोट सलग आकाशी. पण इथेच फसगत होते: शरदात येणाऱ्यांत पहिल्या वर्षाची पिल्लं असतात, ती मळकट दिसतात आणि त्यांच्याही गळ्यावर रेघा असतात. तेव्हा गळ्यावरून निकाल देऊ नका, पक्षी उडेपर्यंत थांबा. भारतीय नीलपंखाच्या उघड्या पंखावर गडद आणि फिकट निळे पट्टे आलटूनपालटून दिसतात. युरोपियनचा पंख पुढून फिकट निळा आणि मागची पिसं काळपट, पट्टे नाहीत. उडतानाचे दोन-तीन फोटो मिळाले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

स्पॉटेड फ्लायकॅचरच्या कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा असतात. त्याच्यासारख्याच एशियन ब्राउन फ्लायकॅचरची छाती साधी आणि डोळ्याभोवतीचं पांढरं कडं ठळक असतं. अमूर ससाणे लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबरात पाहायला मिळतात. हवेत एका जागी फडफडला म्हणून खरूचीच (केस्ट्रेल, दुसरा छोटा ससाणा), असं धरू नका, अमूरही तसं करतो. प्रौढ अमूरचे पाय नारिंगी-लाल, खरूचीचे पिवळे. पाय दिसलेच नाहीत तर ‘छोटा ससाणा’ एवढीच नोंद करा. अर्धवट पण खरी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची असते.

लिहिणं. हे जागेवरच करा, घरी पुस्तक उघडण्याआधी. पुस्तकातलं चित्र पाहिलं की न दिसलेली खूणही दिसल्यासारखी वाटू लागते. ‘नक्की तोच होता’ हा पुरावा नव्हे. टिपण असं असावं:

‘वीजतारेवर १ पक्षी, सकाळी ८.१० ते ८.२५. डोकं व पोट सलग आकाशी, पाठ तांबूस-तपकिरी. दोनदा उडाला, पंखाची मागची बाजू काळपट, निळे पट्टे नाहीत, म्हणून भारतीय नीलपंख नाही. अंतर सुमारे ४० मीटर, ८x४२ दुर्बीण, ऊन पाठीमागून.’

यात ‘म्हणून नाही’ हा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. जवळचा सारखा पक्षी का नाकारला, हेच तपासणाऱ्याला हवं असतं.

ई-बर्डवर. यादी पोहोचताक्षणी सुरू करा आणि दिसलेले सगळे पक्षी संख्येसह भरा, साळुंकी-कावळेसुद्धा. चालत केलेली यादी ८ किलोमीटरच्या आत ठेवा. गाडीने जागा बदलली की नवी यादी. नाहीतर वीस किलोमीटरच्या फेरीतला पक्षी नकाशावर भलत्याच गावात जाऊन बसतो. दुर्मिळ पक्ष्यावर अॅप खूण करून तपशील मागतं. तिथे वरचं टिपण टाका, फोटो जोडा. पुढे स्वयंसेवक तपासनीसाचा प्रश्न आला तर त्यात अपमान नाही, शक्य तितक्या लवकर उत्तर द्या. पुष्टी झाली नाही तरी नोंद तुमच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशावर दिसत नाही.

इतरांना कळवताना. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी तो दाबला जाऊन बारीक खुणा पुसट होतात. संदेशात पक्षी, संख्या, वेळ, रस्त्याची कोणती बाजू, जवळची खूण, आणि तुम्ही निघालात तेव्हा तो तिथेच होता का, एवढं असू द्या. तारखेशिवाय आलेला फोटो पुढे ढकलू नका. मागच्या वर्षीच्या फोटोमागे माणसं पन्नास किलोमीटर धावतात. शेतात उभं पीक असेल तर ‘बांधावरूनच पाहा, शेतकऱ्याला विचारा’ हे आवर्जून लिहा.

काही जागा मात्र गटावर टाकूच नयेत: घुबडाची दिवसाची बसण्याची फांदी, आणि गवताळ माळावर भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी संध्याकाळी एकत्र उतरतात ती रातथाऱ्याची जागा. भोवत्या जमिनीवर झोपतात. चारचौघं गवतात शिरली की सगळा थवा अंधारात उठतो. अशा वेळी फक्त तालुका सांगा, पिन पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी कोणी जाऊन आलं आणि पक्षी दिसला नाही, तर तेही वेळेसह कळवायला सांगा. तो किती दिवस टेकला, हे त्याच संदेशावरून कळतं.