उन्हाळी भाजीपाला: धुऱ्यातली बारीक माशी सांभाळा

फेब्रुवारी सरला की वावरात काम करताना घामेजल्या हातावर एक बारीक माशी येऊन बसते. चिलट समजून आपण तिला चापट मारतो. ती खरं तर मधमाशीच्या नात्यातली, हॅलिक्टिडी कुळातली रानमाशी आहे, घामातल्या क्षारांसाठी येते. दाबली गेली तरच मादी डंख मारते, तोही किरकोळ.

वांगी लावणाऱ्यांनी तर तिला ओळखायलाच हवं. वांग्याचा पराग पुंकेसराच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. या कुळातल्या नोमियासारख्या माश्या फुलाला धरून अंग थरथरवतात, की पराग झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. म्हणून फक्त वांग्यासाठी पेट्या भाड्याने आणण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. टमाट्याचंही फूल असंच. काकडी-टरबुजाला मात्र पेट्या चालतात, तिथे ही माशी जोडीला येते. परागीकरण अपुरं राहिलं की काकडी वाकडी होते, आणि नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात वाकड्या मालाला कोण विचारतो?

तिचं मोहोळ शोधू नका. बहुतेक जातींच्या माद्या जमिनीत बीळ करतात: धुरा म्हणजे वावराची कड, पांदण, बांधाची उघडी, घट्ट, पाणी न साचणारी जागा. पेन्सिलीएवढं किंवा त्याहून लहान भोक आणि भोवती भुसभुशीत मातीची ढिगुळी दिसली की तिथे काठीने खूण करा. तेवढ्या पट्ट्यात रोटाव्हेटर घालू नका, मल्चिंग पेपर अंथरू नका. लहान माशी बिळापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे मोठ्या वावरात मधेही एखादा पट्टा पडीक ठेवा.

धुरे जाळायची आपल्याकडची सवय इथे नडते. एकदांडीसारखं फुलणारं तण जळालं की पीक फुलावर नसताना माशीला खायला काही उरत नाही. सांबाराचा (कोथिंबिरीचा) एखादा वाफाही फुलावर जाऊ द्या.

फवारणी सूर्यास्तानंतरच करा. काकडीवर्गीय फुलं सकाळी उमलतात, तेव्हा पंप बाहेर काढूच नका. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी औषधं परागातही उतरतात, म्हणून फुलोऱ्यात ती टाळा. संध्याकाळी फवारली म्हणून धोका संपत नाही. वांग्याच्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आधी कामगंध सापळे लावा आणि सुकलेले शेंडे खुडून वावराबाहेर नष्ट करा.