उंची कमी असेल तर साडी नेसताना

आधी चपला घाला, मग साडी नेसायला घ्या. बहुतेक जणी उलटं करतात आणि मग टाचांच्या सँडल घातल्यावर साडी घोट्याच्या वर येते. तेवढ्यानंच पाय आखूड दिसायला लागतात. काठ जमिनीला जेमतेम टेकायला हवा, टाचा झाकलेल्या हव्यात.

साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असेल तर वरचं जास्तीचं कापड कमरेत कोंबलं जातं आणि पोटावर गाठोडं होतं. त्याऐवजी वरची कड आधीच तीन-चार इंच सपाट दुमडून घ्या, मग खोचा. परकरही घेरदार नको, खाली निमुळता शिवलेला बरा.

निऱ्या चार बोटांच्या, एकावर एक नीट बसलेल्या. पदराच्या चुण्या अरुंद करून खांद्यावर पिन लावा आणि पदर मागे गुडघ्यापर्यंत सोडा. ती उभी रेघच खरं काम करते. मोकळा सोडलेला पदर दिसतो छान, पण तो आपल्याला आडवं करतो.

काठ दोन-तीन इंचांचा पुरे. हातभर काठाची पैठणी आईनं दिलीच असेल तर नेसा खुशाल, फक्त ब्लाउज साडीच्याच रंगाचा घ्या. विरुद्ध रंगाचा ब्लाउज अंगाचे दोन तुकडे करतो. केस वर बांधले की मान मोकळी दिसते. कंबरपट्टा मात्र कपाटातच राहू दे.