टीव्ही ते साउंडबार: कोणती वायर घ्यायची?

सांगलीत टीव्ही, साउंडबार, अ‍ॅम्प्लिफायर जोडून द्यायचं माझं काम. विश्रामबागेतला नवा फ्लॅट असो की हरिपूरचं जुनं घर, प्रश्न ठरलेला: "दादा, भारीतली वायर टाकायची का?" वायरीचं नंतर बघू. आधी टीव्हीमागं मोबाइलचा टॉर्च मारा आणि सॉकेट बघा.

एचडीएमआयच्या एखाद्या सॉकेटवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून साउंडबारकडं पाठवायची सोय) किंवा ईएआरसी (तिचीच सुधारलेली आवृत्ती) लिहिलंय आणि साउंडबारलाही ते आहे? मग एचडीएमआयच घ्या. फक्त वायर त्याच सॉकेटात खोचा, शेजारच्यात नको, आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एकाच रिमोटनं दोन्ही चालवायची सोय, चालू करा. सॅमसंगवाले त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवाले सिम्पलिंक. मग आवाज टीव्हीच्याच रिमोटनं कमीजास्त होतो. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतोय असं वाटायला लावणारं डॉल्बीचं तंत्र) साध्या एआरसीवरूनही येऊ शकतं. ईएआरसी खरं लागतं ते ब्लू-रेवरच्या पूर्ण दर्जाच्या आवाजाला.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी वायर. त्यातून स्टीरिओ किंवा डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) येतं, अ‍ॅटमॉस नाही. नव्या वायरीच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या न काढताच वायर दामटायची आणि मग मला फोन करायचा, हे नेहमीचं. टीव्ही चालू ठेवून वायरीचं दुसरं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर वायर आणि टीव्ही दोन्ही ठीक, पुढचं साउंडबारकडं बघायचं. ही वायर कपाटामागं काटकोनात दुमडू नका, आतला फायबर खराब होतो. आणि सोन्याचा मुलामा दिलेली ऑप्टिकल वायर कुणी दाखवली तर हसून पुढं जा. उजेडाला सोनं कशाला?

तिसरी कोअ‍ॅक्शियल, म्हणजे तांब्यातून डिजिटल आवाज नेणारी वायर, एका पिनेची, ७५ ओहमची. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर पडून असेल तर मीटर-दोन मीटरला तीच चालते, नवी कशाला घेता? हिचा एक त्रास मात्र आहे. अर्थिंगमध्ये गडबड असली की स्पीकर घुंऽऽ करतो. मिरजेतल्या एका सतारवाल्या काकांनी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि लगेच म्हणाले, "हा खर्ज माझ्या तानपुऱ्याचा नव्हे." तिथं ऑप्टिकल टाकली. तिच्यात तांबंच नाही, घुंघुं बंद.

पैशाचं म्हणाल तर डिजिटल सिग्नल नीट पोचतो, नाहीतर अडखळतो. महागड्या वायरीनं गाणं गोड होत नाही. पैसे घट्ट बसणाऱ्या पिनेला द्या. लांबी भिंतीच्या कडेनं सुतळी धरून मोजा आणि अर्धा मीटर जास्त घ्या. सगळं जोडूनही जुना अ‍ॅम्प्लिफायर गप्पच असेल, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (डॉल्बीत न गुंडाळलेला साधा आवाज) टाकून बघा.