स्वस्तातलं रायफल बेडिंग: इपॉक्सी कालवण्याआधीची तयारी

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन (नळीमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) स्टॉकमध्ये, म्हणजे रायफलच्या दस्त्यात, इपॉक्सीच्या (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाच्या) थरावर पक्की बसवणं. गोळ्या विखरून पडत असतील, तर आधी खात्री करून घ्या की दोष बेडिंगचाच आहे. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या त्या खोलीत ठेवूच नका. मग नळी वर आणि बट जमिनीवर अशी रायफल उभी धरा. स्टॉकचं पुढचं टोक आणि नळी यांच्या फटीवर एक बोट ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी सरकल्यासारखी वाटली, तर अ‍ॅक्शन लाकडात नीट बसलेली नाही, स्क्रूच तिला वाकवून जागेवर धरतो आहे. एक पाय आखूड असलेला पाट डुगडुगतो तसलाच हा प्रकार, फक्त डोळ्यांना न दिसणारा. दर गोळीनंतर अ‍ॅक्शन किंचित वेगळ्या जागी बसते आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. डायल इंडिकेटर असेल तर हीच हालचाल मोजता येते. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर बेडिंगला हात लावायचं कारण नाही.

त्याच वेळी स्टॉक आणि नळी यांच्यामधून डॉलरची नोट सरकवून पाहा. ती मध्येच अडकली, तर बेडिंगआधी फुकटातला उपाय करा: पान्याच्या गोल सॉकेटला पॉलिश पेपर गुंडाळा आणि स्टॉकमधली नळी बसण्याची खाच थोडी घासून मोकळी करा. रेमिंग्टन ७०० या रायफलच्या बऱ्याच स्वस्त स्टॉकमध्ये पुढच्या टोकाशी नळीला टेकणारे उंचवटे कारखान्यातूनच येतात. ते घासून टाकल्यावरच कित्येकांचं काम भागतं.

हे सगळं अमेरिकेत कायदेशीर रायफल बाळगून रेंजवर किंवा हरणांच्या मोसमात वापरणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या मंडळींनी परवानाधारक कारागीर गाठावा.

आता सामान. बंदूकवाल्यांच्या कॅटलॉगमधलं अ‍ॅक्राग्लास किंवा डेव्हकॉन इपॉक्सी उत्तमच, पण पहिल्या कामाला हार्डवेअरच्या दुकानातलं जेबी वेल्ड पुरतं. टेक्सासमधल्या सल्फर स्प्रिंग्जचं हे जुनं उत्पादन, १९६९ पासूनचं. काळ्या आणि लाल ट्यूबमधलं मूळ जेबी वेल्डच घ्या. ते घट्ट व्हायला ४ ते ६ तास घेतं आणि पुरतं वाळायला १५ ते २४. क्विकवेल्ड मात्र काही मिनिटांतच आवळतं, आणि अ‍ॅक्शन नीट बसवेपर्यंत तुमच्या हातात दगड झालेला असतो. बाकी बिनरंगी बूट पॉलिश, मुलांच्या खेळण्यातला क्ले, काळी इलेक्ट्रिकल टेप, पांढरं व्हिनेगर, कापसाच्या काड्या, अ‍ॅसिटोन आणि सायकलची जुनी ट्यूब. यातलं निम्मं घरात असतं. स्टॉक लाकडाचा असलेला बरा. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लॅस्टिकला इपॉक्सी धड धरत नाही, तिथे आतून बारीक, तिरकी भोकं पाडून तिला पकड द्यावी लागते.

खरा वेळ द्यायचा तो अ‍ॅक्शनच्या तयारीला. ट्रिगरची जुळणी पिना काढून बाजूला ठेवा. अ‍ॅक्शनला जिथे जिथे भोक, खाच, फट आहे, तिथे क्ले दाबून भरा आणि पृष्ठभागाशी सपाट करा. एखाद्या भोकात इपॉक्सी शिरून आत घट्ट झाली, तर पॉलिश कितीही लावलेलं असो, लोखंड आणि लाकूड कायमचे जोडले जातात. लोक घाबरतात ते चिकटण्याला, पण बहुतेक रायफली अडकतात त्या अशा खाचेमुळे.

मग रिकॉइल लग. धक्का स्टॉकला देणारा तो जाड दात. त्याच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागावर टेपचा एकेक थर लावा, मागचा पृष्ठभाग मात्र उघडा ठेवा. टेप काढल्यावर पुढे, खाली आणि बाजूंना बारीक फट राहते आणि लग फक्त मागच्या अंगाने टेकतो. नेमकं हेच हवं आहे. बाकी सगळ्या धातूवर, स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा, पॉलिशचे दोन पातळ थर चोळा, पहिला वाळल्यावर दुसरा. कोपरे विसरू नका.

लाकडात लगच्या मागची आणि अ‍ॅक्शनखालची जागा दोनेक मिलिमीटर खरवडा, पण मागच्या टँगखालचं (अ‍ॅक्शनच्या शेपटीखालचं) लाकूड तसंच राहू द्या. नळीवर पुढच्या टोकाशी टेपचे वेढे द्या, नळी खाचेच्या मधोमध येईपर्यंत. टँग आणि हे वेढे, या दोन आधारांमुळे अ‍ॅक्शनची उंची बदलत नाही. खरवडलेली जागा अ‍ॅसिटोनने पुसा, तेलकट लाकडावर काहीच टिकत नाही. पिलर (स्क्रूंभोवतीचे धातूचे आधार) हवे असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे तुकडे स्क्रूच्या भोकांत इपॉक्सीने बसवा, पण ते आदल्या दिवशी. ज्याचं लाकूड मऊ आहे त्याने ते टाळू नयेत.

इपॉक्सी कालवायच्या आधी एकदा सगळं कोरडंच बसवून पाहा. रेमिंग्टन ७०० ला पाव इंची, इंचाला २८ आट्यांचे लांब बोल्ट घ्या आणि डोकी कापून टाका. या खुंट्यांवरून अ‍ॅक्शन सरळ खाली उतरते. ती धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचे एकदोन वेढे पुरेत. इथे जोर लावलात तर वाकलेली अ‍ॅक्शन तशीच वाकलेली साच्यात गोठेल आणि सगळा खटाटोप वाया.

इपॉक्सीचे दोन्ही भाग समसमान घेऊन सावकाश कालवा, फेस येऊ देऊ नका. ती खरवडलेल्या जागेत भरा आणि अ‍ॅक्शन खुंट्यांवरून खाली बसवा. बाहेर आलेली इपॉक्सी व्हिनेगरच्या काड्यांनी लगेच पुसा. उरलेला गोळा पुठ्ठ्यावर ठेवून द्या. चारपाच तासांनी खुंट्या थोड्या फिरवून सुट्या आहेत ना ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरच्या गोळ्यात नख रुतत नसेल तरच अ‍ॅक्शन काढायला घ्या. हलवून नाही, सरळ वर ओढून. हटूनच बसली तर तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि रबरी हातोडीने हळूच ठोका. नंतर दमट झालेल्या लोखंडाला तेल लावायला विसरू नका.

टेप आणि क्ले काढा, कडा कानशीने साफ करा, उघड्या लाकडाला वॉर्निश लावा. स्क्रूची भोकं किंचित मोठी करा, म्हणजे स्क्रू बाजूंना घासणार नाही. मॅगझिनची पेटी अ‍ॅक्शन आणि खालच्या पट्टीमध्ये किंचित हलली पाहिजे. ती दाबली गेली तर केलेलं बेडिंग तीच बिघडवते. अ‍ॅक्शन स्क्रू आवळताना लाकडी स्टॉकला, पिलर नसतील तर, ३५ ते ४५ इंच-पाउंड म्हणजे साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरे. पिलर असतील तर ६५ इंच-पाउंडपर्यंत जाता येतं. टॉर्कचा पेचकस मित्राकडून मागून आणला तरी चालेल, पण अंदाजाने आवळू नका.

पारख त्याच गोळ्यांनी करा ज्यांनी आधीचे ग्रुप मारले होते, आणि पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन ग्रुप. तीन गोळ्यांचा एखादा देखणा ग्रुप कोणालाही पडतो. १०० यार्डांवर कोनाचं १ मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे १ इंच, हा हिशोब आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही कागदांवर मांडा. फरक दिसला नाही तर स्कोपच्या माउंटचे स्क्रू आणि नळीच्या तोंडाची कड तपासा. तिथला दोष इपॉक्सीने जात नाही.